कोक-दे-ब्वा : मॉरिशसच्या अरण्यातील एक दुर्लक्षित गायक

मॉरिशसमधील कोणत्याही मराठी घराच्या अंगणात प्रातःकाळी क्षणभर कान देऊन उभे राहिले असता पक्ष्यांचा कलरव ऐकू येतो. तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर साळुंकी, जिला येथे लहानथोर सारेच ‘मार्तें’ म्हणतात, ती मोठ्या तोऱ्याने येरझारा घालीत असते. पपईच्या झाडावर तुरेबाज बुलबुल, म्हणजे येथला ‘कोंदे’, पिकल्या फळावर चोच मारीत असतो. कुंपणावर तांबडालाल ‘कार्दिनाल’ झळकत असतो आणि छपराच्या कडेला चिमण्यांची चिवचिव चाललेली असते. या साऱ्यांना मॉरिशसचा मनुष्य बालपणापासून ओळखतो आणि हेच आपल्या बेटाचे पक्षी अशी त्याची समजूत झालेली असते.

वास्तविक पाहता यांतील एकही पक्षी मूळचा या बेटावरचा नव्हे. साळुंकी अठराव्या शतकात टोळांचा नाश करण्यासाठी भारतातून मुद्दाम आणली गेली. बुलबुल १८९२ साली येथे आला. कार्दिनाल मादागास्करचा रहिवासी, आणि चिमणी तर माणूस जाईल तेथे त्याच्या मागोमाग जाणारी. अंगणापर्यंत येणारा, या बेटावरच जन्मास आलेला गाणारा पक्षी म्हणजे राखी रंगाचा चिमुकला ‘पिकपिक’. त्याचे बाकीचे देशी सोबती अंगणात येत नाहीत. त्यांतील काही कायमचे नाहीसे झाले आणि जे उरले ते अरण्याच्या शेवटच्या तुकड्यांत दिवस कंठीत आहेत. अशांपैकीच एका लहानग्या, कीटकभक्षी गायकाचा परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

नाव मोठे, देह लहान

या पक्ष्याला क्रिओल भाषेत ‘कोक-दे-ब्वा’ असे नाव आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘रानातला कोंबडा’. परंतु नावावरून कोणी मोठ्या पक्ष्याची कल्पना केली, तर त्याची निराशाच व्हावयाची. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत याची लांबी जेमतेम सहा इंच भरते आणि वजन दहा-बारा ग्रॅम, म्हणजे मूठभर तांदळाहूनही कमी. नराचे मस्तक काळेभोर असून त्यावर निळसर झळाळी असते. मादीचे मस्तक राखी रंगाचे असते. दोघांचीही पाठ, पंख व शेपूट विटकरी तांबूस आणि पोट फिकट राखी. अरण्यातील गडद छायेत बसलेला असता हा पक्षी वाळक्या पानासारखा भासतो. पाहणाऱ्याची दृष्टी त्याच्यावरून सहज निसटून जाते. मात्र तो उडाला आणि त्याने शेपटीचा पंखा उघडला, की त्या अंधाऱ्या रानात एक ठिणगी उडाल्यासारखे वाटते.

शेजारच्या रेयुनियाँ बेटावर याचा सख्खा भाऊबंद राहतो. तेथील लोक त्याला कुमारी मेरीचा पक्षी म्हणून मोठ्या ममतेने वागवितात. १७७६ साली फिलिप म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने या जातीचे शास्त्रीय नामकरण केले, ते रेयुनियाँच्या पक्ष्यावरून आणि त्या बेटाच्या ‘बूर्बों’ या जुन्या नावाला अनुसरून. पुढे १९३३ साली फिन सालोमोनसेन या डॅनिश पक्षिशास्त्रज्ञाने मॉरिशसचा पक्षी रंगरूपाने वेगळा असल्याचे दाखवून त्याला ‘देसोलाता’ हे उपजातीचे नाव दिले. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘उजाड’, ‘एकाकी’ असा होतो. पक्ष्याची पुढची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नाव आज दुर्दैवाने सार्थ वाटते. याउलट त्याच्या कुलाचे ‘तेर्प्सिफोने’ हे नाव ग्रीक असून त्याचा आशय आहे, ‘ज्याचा कंठ आनंद देतो तो’.

सह्याद्रीतील नातलग

मराठी वाचकाला या पक्ष्याविषयी विशेष जिव्हाळा वाटावा असे एक कारण आहे. महाराष्ट्रात, कोकणच्या झाडीत आणि सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत ‘स्वर्गीय नर्तक’ नावाचा एक देखणा पक्षी आढळतो. काळे तुरेदार मस्तक आणि वाऱ्यावर फितीप्रमाणे लहरणारी दोन लांबच लांब शेपटीची पिसे असा त्याच्या नराचा थाट असतो. काही नर शुभ्र रंगाचे, तर काही तांबूस असतात. ओढ्याकाठच्या सावलीत तो या फांदीवरून त्या फांदीवर झेपावू लागला, म्हणजे पाहणारा देहभान विसरतो. हा स्वर्गीय नर्तक आणि मॉरिशसचा कोक-दे-ब्वा एकाच कुलातले आहेत. फरक इतकाच, की मॉरिशसच्या नराला ती लांब शेपूट नाही. बेटावरच्या या शाखेचा वेश साधा राहिला. मात्र मस्तकावरील काळी झळाळी, पाठीचा विटकरी रंग आणि हवेत गिरकी घेऊन कीटक टिपण्याची कला या कुलखुणा दोघांतही दिसतात.

हा पक्षी या बेटावर आला तरी कसा, हा प्रश्न साहजिकच मनात उभा राहतो. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट असून त्याचे वय सुमारे ऐंशी लाख वर्षे आहे. कोणत्याही खंडाशी ते कधी जोडलेले नव्हते. त्यामुळे येथला प्रत्येक प्राणी, प्रत्येक वनस्पती केव्हा ना केव्हा समुद्र ओलांडूनच आलेली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या कुलातील हिंदी महासागरातल्या पक्ष्यांचे आनुवंशिक द्रव्य तपासण्यात आले. त्यावरून असे दिसले, की यांचे पूर्वज गेल्या वीस लाख वर्षांच्या आत या सागरातील बेटांवर पोहोचले. खंडभूमीवरून बेटांकडे असे स्थलांतर किमान दोनदा घडले असावे आणि बेटांवर ते झपाट्याने पसरले. मॉरिशस व रेयुनियाँ येथील दोन शाखा परस्परांपासून इतक्या वेगळ्या झाल्या आहेत, की संरक्षणाच्या दृष्टीने त्यांना स्वतंत्र जातींप्रमाणे वागवावे, असा निष्कर्षही त्या अभ्यासकांनी काढला.

या निष्कर्षाचे महत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. रेयुनियाँ बेटावर हा पक्षी आजही विपुल आहे. म्हणून संपूर्ण जातीचा विचार करताना तिला धोका नाही, असे जागतिक यादीत नोंदले जाते. पण मॉरिशसची शाखा नष्ट झाली, तर दोनशे किलोमीटरांवरील बेटावरून तिची भरपाई होण्यासारखी नाही. जे हरपेल ते जगात अन्यत्र कोठेही नसेल.

अरण्यातील संसार

कोक-दे-ब्वा छायाप्रिय आहे. झाडांचे माथे एकमेकांत गुंतलेले, खाली ओलसर पाचोळा आणि मध्ये बारीक डहाळ्यांचा विरळ पसारा, असे रान त्याला मानवते. माणसाच्या उंचीच्या आसपास एखाद्या उघड्या डहाळीवर तो बसतो, मान वेळावून इकडे तिकडे पाहतो आणि कीटक दिसताच झेपावून त्याला हवेतल्या हवेत टिपतो. कधी पानाखाली दडलेली अळी, कधी खोडावरचा कोळी, कधी भुंगेरा, कधी पतंग असे त्याचे भक्ष्य. चोचीच्या मुळाशी ताठ केसांसारखी बारीक पिसे असतात. चपळ कीटकांवर झडप घालणाऱ्या अनेक पक्ष्यांत ती दिसून येतात.

हा पक्षी फारसा भित्रा नाही. रानात कोणी निश्चल उभे राहिले, तर कुतूहलाने तो अगदी जवळच्या फांदीवर येऊन बसतो. त्याचा नेहमीचा आवाज काहीसा खरखरीत, रागावल्यासारखा असतो. परंतु विणीच्या दिवसांत नर मंजुळ शीळ घालतो, आणि त्या वेळी ग्रीक नावाची सार्थकता पटते. हिवाळ्यात तो अन्यत्र जात नाही. वर्षाचे बाराही महिने आपल्या रानाच्या तुकड्यातच त्याचे वास्तव्य असते.

ऊसतोडणीचा हंगाम चालू असतो आणि गावोगाव गणेशोत्सवाची तयारी चाललेली असते, त्या सुमारास दक्षिण गोलार्धातील वसंताची चाहूल लागून याच्या संसाराला आरंभ होतो. दोन-तीन बारीक डहाळ्यांच्या बेचक्यात हे जोडपे वाटीएवढे घरटे बांधते. तंतू, शेवाळ आणि दगडफूल गोळा करावयाचे व ते कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी घट्ट विणावयाचे, अशी ही कारागिरी. त्यात दोन किंवा तीन फिकट, तांबूस ठिपक्यांची अंडी घातली जातात. अंडी उबविणे व पिलांना भरविणे ही कामे नर व मादी दोघेही करतात. पुढे उन्हाळ्याबरोबर तुफानांचे दिवस येतात. तुफान या बेटाला नवे नाही आणि अरण्य विस्तीर्ण होते तेव्हा पक्ष्यांनाही त्याचा मोठा धोका नव्हता. एका दरीतील झाडे उन्मळली, तरी दुसऱ्या दरीत आसरा मिळे. आता तशा दुसऱ्या दऱ्या फारशा उरलेल्या नाहीत.

अरण्य गेले कसे

१५९८ साली डच दर्यावर्दी या बेटावर उतरले, तेव्हा समुद्रकिनाऱ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत बहुतेक सर्वत्र वृक्षांचे राज्य होते. डचांनी काळ्या आबनूसाची तोड केली. त्यांच्याच काळात डोडो नाहीसा झाला. १६६२ नंतर तो दिसल्याची विश्वसनीय नोंद सापडत नाही. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांच्यापैकी पियेर प्वाव्र या दूरदर्शी प्रशासकाला अरण्यनाशाचे दुष्परिणाम उमगले होते. १७६९ साली त्याने जमिनीचा ठरावीक भाग वृक्षांखाली राखण्याचा नियम केला. परंतु १८१० मध्ये इंग्रजांचा अंमल सुरू झाला, पुढे साखरेला भाव आला आणि नियमापेक्षा नफा बलवत्तर ठरला.

येथून पुढचा इतिहास मॉरिशसच्या मराठी समाजाच्या इतिहासाशी निगडित आहे. १८३४ साली शर्तबंद मजुरीची पद्धत सुरू झाली आणि गुलामांच्या मुक्ततेनंतर साखरेच्या कोठ्यांना लागणारे मनुष्यबळ भारतातून येऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे पोर्ट लुईच्या बंदरात उतरली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले कोकणातील व घाटावरील मराठी शेतकरी-कष्टकरीही होते. ज्या धक्क्यावर ते उतरले, त्या आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. ‘दगड उलटा, सोने मिळेल’ अशा भुलावणीच्या गोष्टी गिरमिटियांच्या वंशजांच्या घरोघर अजून सांगितल्या जातात. दगड मात्र त्यांनी खरोखरच उलटले. आजही उसाच्या शेतांमधून काळ्या दगडांच्या ज्या राशी दिसतात, त्या हातांनी वेचून रचलेल्या आहेत. जेथे ऊस लागला, तेथे त्यापूर्वी बहुधा रान होते. १८३५ च्या सुमारासही बेटाचा मोठा भाग वृक्षाच्छादित होता. पुढील चार-पाच दशकांतच त्यातील बहुतेक अरण्य तोडले गेले.

कुऱ्हाड ज्यांच्या हातात होती, त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. गिरमिटावर अंगठा उठविलेल्या माणसाला कोणते झाड तोडावे व कोणते राखावे हे ठरविण्याचा अधिकार नव्हता. जमीन दुसऱ्याची, हुकूम दुसऱ्याचा आणि साखरेचा नफाही दुसऱ्याचाच. स्वतः घर सोडून आलेल्या माणसाकडून दुसऱ्या जिवांचे घर मोडले गेले, ही त्या काळाची क्रूर व्यवस्था होती. तथापि त्या व्यवस्थेचे फळ म्हणून आज बेटावर चांगल्या स्थितीतील देशी अरण्य दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे, हे सत्य वंशजांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

अरण्याचा ऱ्हास एकोणिसाव्या शतकाबरोबर थांबला, असेही नाही. विसाव्या शतकात उंचावरील प्रदेशात चहाचे मळे वाढले. १९७० च्या दशकात ले मार येथील देशी झाडी तोडून तेथे पाईनची लागवड करण्यात आली. ज्या काळात देशाचे स्वातंत्र्य नवे होते आणि रोजगाराची चणचण होती, त्या काळात असे निर्णय विकासाचे म्हणून घेतले गेले. १९६५ साली निघालेल्या टपालतिकिटांच्या सुंदर मालिकेत पिकपिक, डोडो व बहिरी ससाण्याचा येथील लहान आप्त यांच्याबरोबर कोक-दे-ब्वाचेही चित्र होते. पत्रांवर डकविलेला हा पक्षी घरोघर पोहोचला, आणि नेमक्या त्याच काळात रानातली त्याची वस्ती विरळ होत गेली.

घरट्याचे शत्रू

उरलेल्या रानातही हा पक्षी निर्धास्त नाही. जहाजांबरोबर उतरलेला काळा उंदीर झाडावर सराईतपणे चढतो आणि अंडी-पिले खातो. मांजर व १९०० साली उंदरांच्या बंदोबस्तासाठी आणलेले मुंगूस जमिनीवर टपलेले असतात. चिनी पेरूची झुडपे अरण्याच्या तळाशी इतकी दाटतात, की देशी झाडांचे रोप वर येऊच शकत नाही. जुना वृक्ष पडला, की त्याची जागा घेणारा कोणी नसतो. हिवाळ्यात प्लेन शांपाञ्ञच्या माळावर सहकुटुंब जाऊन हे तांबडे आंबटगोड पेरू वेचणे हा मॉरिशसच्या लोकांचा आवडता विहार आहे. त्या फळाच्या गोडीमागे अरण्याची ही कुचंबणा दडलेली आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते.

यांखेरीज आणखी एक शत्रू आहे आणि त्याच्याविषयी लिहिणे काहीसे नाजूक आहे. तो शत्रू म्हणजे माकड. सतराव्या शतकाच्या आरंभी जावाकडील प्रदेशातून हे माकड मॉरिशसमध्ये आणले गेले. अंडी व पिले यांचा फडशा पाडण्यात ते अत्यंत कुशल आहे. महाशिवरात्रीला आणि इतर पर्वांना गंगा तलावावर जाणारे भाविक हनुमंताचे रूप मानून त्याला केळी व प्रसाद चारतात. भावना शुद्ध आहे, पण परिणाम घातक आहे. गंगा तलावाच्या सभोवतीच अरण्याचे शेवटचे अवशेष आहेत, आणि माणसाच्या हातून पोट भरलेली माकडे त्याच रानात वाढतात. रामायणातील वानरांनी अरण्यातील ऋषींच्या आश्रमांना पीडा दिली नाही. मारुतिरायाची भक्ती करणाऱ्याने सेतू बांधण्यास मदत करणाऱ्या इवल्याशा खारीची लोककथाही आठवावी. लहान जिवाची कदर हाच त्या कथेचा बोध आहे. तलावाकाठी वाहिलेली फळे उघड्यावर न ठेवता पूजेनंतर सोबत परत नेली, तर भक्तीत काही उणे पडणार नाही आणि रानातल्या घरट्यांवरचे एक संकट थोडे हलके होईल.

ब्रा-दोचे रान

या साऱ्याचा परिणाम असा झाला, की एके काळी बेटावर दूरवर पसरलेला कोक-दे-ब्वा आज थोड्याच ठिकाणी आढळतो. त्याची संख्या काही शेकड्यांपलीकडे असेल असे कोणी मानीत नाही. नैर्ऋत्येकडील ब्लॅक रिव्हरच्या दऱ्या व बेल ऑम्ब्रच्या वरची राने हे त्याचे एक आश्रयस्थान. दुसरे मात्र अनपेक्षित जागी आहे.

ईशान्य किनाऱ्यावर पोस्त लाफायेतजवळ ब्रा-दो नावाचे एक रान आहे. या रानातून हिंडताना पाचोळ्यात काळ्या दगडांचे बांध आडवे येतात, आणि एके ठिकाणी जुन्या साखर कारखान्याच्या पडक्या भिंती उभ्या दिसतात. येथे पूर्वी साखरेची कोठी होती. कोठी बंद पडली, ऊस गेला आणि त्या जमिनीवर पुढे परदेशी जातींचे वृक्ष लावण्यात आले. हे काही मूळचे अरण्य नव्हे. तरीही झाडे वाढली, सावली दाटली, पाचोळा साचला, कीटक आले आणि त्या सावलीत कोक-दे-ब्वा टिकून राहिला. २०११ साली या सुमारे पाचशे हेक्टर रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सखल प्रदेशात या पक्ष्याचे दर्शन घ्यावयाचे, तर आज याच रानाची वाट धरावी लागते.

ज्या भूमीवर गिरमिटियांनी उन्हातान्हात घाम गाळला, तेथेच आज हा देशी पक्षी परक्या झाडांच्या आधाराने पिले वाढवीत आहे. यातून संरक्षकांपुढे एक कठीण प्रश्नही उभा राहिला आहे. देशी अरण्य पुन्हा उभे करावयाचे, तर परदेशी झाडे हटविली पाहिजेत. पण ती एकदम तोडली, तर सावली जाईल आणि सावलीबरोबर पक्षीही जाईल. म्हणून थोडी थोडी जागा मोकळी करून, तेथे देशी रोपे लावून, ती वाढेपर्यंत जुन्या झाडांना धक्का न लावणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. अशा कामाला वर्षे नव्हे, पिढ्या लागतात.

आशेला जागा

निराश होण्याचे मात्र कारण नाही. याच बेटाने पक्ष्यांना मृत्यूच्या दारातून परत आणले आहे. १९७४ साली येथील लहान शिकारी ससाण्याचे अवघे चार पक्षी रानात उरल्याचे ठाऊक होते. १९९० च्या सुमारास गुलाबी कबुतरांची रानातील संख्या दहाच्या आसपास आली होती. घरट्यांचे रक्षण, संगोपन, पूरक अन्न आणि उंदीर-मुंगुसांचा बंदोबस्त अशा चिकाटीच्या उपायांनी त्यांची संख्या पुढे शेकड्यांनी वाढली. १९८४ साली स्थापन झालेल्या मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचे आणि शासनाच्या राष्ट्रीय उद्यान विभागाचे हे श्रेय आहे. १९९४ साली ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्याचे क्षेत्र साडेसहा हजार हेक्टरांहून थोडे अधिक आहे. त्यातील काही निवडक तुकड्यांना कुंपण घालून तेथील चिनी पेरू व इतर उपद्रवी झुडपे उपटून काढली जातात. हे कामही हातांनीच करावे लागते. ज्या हातांच्या वारशाने रान साफ केले, त्याच वारशाचे हात आता रान राखीत आहेत.

कोक-दे-ब्वाच्या कुलातीलच एक उदाहरण सेशेल्स द्वीपसमूहात पाहावयास मिळते. तेथील काळा नर्तक मुख्यत्वे ला दिग या एकाच लहान बेटावर उरला होता. २००८ साली त्यांतील २३ पक्षी देनी नावाच्या बेटावर नेऊन सोडण्यात आले. तेथे ते रुजले, त्यांचा वंश वाढला, आणि २०२० मध्ये त्या जातीला अतिसंकटग्रस्तांच्या वर्गातून कमी धोक्याच्या वर्गात हलविता आले. बेटावरील लोकांना तो पक्षी आपला वाटला, हेही त्या यशाचे एक कारण होते.

कोक-दे-ब्वाच्या वाट्याला अद्याप अशी प्रसिद्धी आलेली नाही. ससाण्याचा दरारा किंवा गुलाबी कबुतराचे आगळे रूप त्याच्यापाशी नाही. शेजारच्या बेटावर त्याचे भाऊबंद सुखरूप आहेत, या समाधानात त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक. उपयुक्ततेच्या तराजूत तोलले, तरी त्याचे पारडे जड होणार नाही. काही शेकडे पक्ष्यांनी उसावरची कीड आटोक्यात येणार नाही. परंतु घरातील वृद्धाला जसे कोणी उपयोगावरून मोजीत नाही, तसेच बेटाच्या या जुन्या रहिवाशालाही मोजू नये. माणसाने या बेटावर पाऊल ठेवण्यापूर्वी लाखो वर्षे तो येथे गात होता.

मॉरिशसच्या मराठी समाजाने भाषा जपली, गणपती जपला, झाकरीची गाणी जपली. कोठीवरच्या दिवसभराच्या कष्टानंतर रात्री दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरविणाऱ्या पूर्वजांनी जे अल्प होते, ते टिकविले. म्हणूनच आज येथे मराठी शब्द ऐकू येतो. टिकविणे म्हणजे काय, हे या समाजाला नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही. तीच वृत्ती या भूमीच्या मूळ जिवांकडे वळविणे तेवढे बाकी आहे. शाळांनी मुलांना ब्रा-दोच्या रानात न्यावे. मंडळांनी वर्षातून एक दिवस झुडपे उपटण्याच्या व देशी रोपे लावण्याच्या कामी द्यावा. रानाजवळ राहणाऱ्यांनी मांजर रात्री घरात ठेवावे. आजीने नातवाला चिऊ-काऊच्या गोष्टीबरोबर कोक-दे-ब्वाचीही गोष्ट सांगावी. ज्याचे नाव मुलांच्या तोंडी असते, त्याला नाहीसे होऊ देणे समाजाला जड जाते.

येत्या गणेशोत्सवानंतर ज्यांना सवड होईल, त्यांनी सकाळच्या प्रहरी ब्रा-दोच्या रानात जावे. गलबला करू नये, दगड मारू नये, यंत्रातून आवाज वाजवून पक्ष्याला भुलवू नये. पडक्या कारखान्याच्या पलीकडे, जेथे सावली दाट आहे, तेथे स्वस्थ उभे राहावे. प्रथम खरखरीत हाक ऐकू येईल, मग डहाळी किंचित हलेल आणि काळ्या मस्तकाचा, विटकरी पाठीचा तो चिमुकला जीव हातभर अंतरावर येऊन पाहुण्याकडे मान वळवून पाहील. त्याच्यापाशी दुसरे रान नाही, हे त्या वेळी प्रत्येकाने मनात धरावे आणि घरी परतल्यावर आपल्या मुलाबाळांना सांगावे.